लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर झिंकच्या गोळीचा हिशेब करा

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे ते थोडक्यात असे. नागपुरात राहणाऱ्या त्यांच्या 58 वर्षांच्या आईचे हिमोग्लोबिन सहा महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही 8.4 च्या पुढे सरकत नाही. पांढऱ्या पेशी 2,800 पर्यंत उतरल्या आहेत, दोन्ही पायांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी निगेटिव्ह आहे, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन 240 आहे, बी-12 ची इंजेक्शने देऊन झाली तरी पाय सुधारलेले नाहीत, आणि आता बोनमॅरोची, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेची, तपासणी करावी लागेल असे त्यांना सांगण्यात आले आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेपासून, म्हणजे 2021 पासून, त्या रोज झिंकची 50 मिलिग्रॅमची गोळी घेतात. त्याखेरीज मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी एक गोळी, दिवसातून दोनदा कॅल्शियम, आठवड्याला व्हिटॅमिन डीचे पाकीट आणि सकाळी गॅसची गोळी चालू आहे. इतकी ताकदीची औषधे चालू असताना कमतरता राहतेच कशी आणि आता आणखी कोणती गोळी सुरू करावी, असे त्यांना विचारायचे आहे.

माझ्या मते येथे उलट्या बाजूने पाहायला हवे. चालू असलेल्या गोळ्यांपैकी एखादी गोळी दुसऱ्या एखाद्या खनिजाची वाट अडवते आहे का, हे आधी तपासावे आणि नवीन गोळीचा विचार त्यानंतर करावा. मी गेली 24 वर्षे नागपुरात फिजिशियन म्हणून काम करते. रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते येथे करणारही नाही. परंतु कमी हिमोग्लोबिन, कमी पांढऱ्या पेशी, भरलेले लोहाचे कोठार, बधिर होत चाललेले पाय आणि वर्षानुवर्षे चाललेली झिंकची गोळी या पाच गोष्टी एकाच व्यक्तीत दिसल्या, तर रक्तातील तांब्याचे प्रमाण तपासल्याशिवाय मी पुढचे पाऊल टाकणार नाही.

प्रथम हिशेब पाहू. आपण कळवलेल्या माहितीनुसार झिंकच्या गोळीत 50, मल्टिव्हिटॅमिनमध्ये 10 आणि केसांच्या गोळीत 15 मिलिग्रॅम झिंक आहे. बेरीज 75 होते, आणि जेवणातून मिळणारे झिंक त्यात धरलेलेच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला 13.2 आणि पुरुषाला 17 मिलिग्रॅम झिंक पुरते. आपल्याकडील धान्य-डाळींतील फायटेट या घटकामुळे झिंक कमी शोषले जाते, हे गृहीत धरूनच हे आकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा वर ठेवलेले आहेत. दिवसाची कमाल सुरक्षित मर्यादा 40 मिलिग्रॅम मानली जाते, आणि ती मर्यादा मुळात झिंकचा तांब्यावर होणारा परिणाम पाहूनच ठरवलेली आहे. म्हणजे गरज आणि धोका यांच्यातील अंतर झिंकच्या बाबतीत फारच थोडे आहे. आपल्या आई काही वर्षे या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट झिंक घेत आहेत.

ही बेरीज करताना एक काळजी घ्यावी लागते. वेष्टनावर कधी क्षाराचे वजन छापलेले असते, तर कधी त्यातील प्रत्यक्ष खनिजाचे. 220 मिलिग्रॅम झिंक सल्फेटमध्ये सुमारे 50 मिलिग्रॅम झिंक असते. 1,250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 500 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ‘एलिमेंटल’ किंवा ‘इक्विव्हॅलंट टू’ या शब्दांपुढचा आकडा धरावा. तो छापलेलाच नसेल, तर औषधाच्या दुकानातील फार्मासिस्टला विचारावे. ही माहिती सांगणे त्यांच्या कामाचाच भाग आहे.

आता झिंक जास्त झाल्याने तांबे का कमी होते, ते सांगते. आतड्याच्या अस्तरातील पेशींमध्ये झिंक भरपूर येऊ लागले की त्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन वाढवतात. धातूला धरून ठेवणे हे त्या प्रथिनाचे काम असते, आणि ते झिंकपेक्षा तांब्याला कितीतरी घट्ट धरते. त्यामुळे जेवणातून आलेले तांबे पेशीत शिरते खरे, पण रक्तात न उतरता तेथेच अडकून राहते. या पेशींचे आयुष्य चार-पाच दिवसांचे असते. त्या गळून पडल्या की त्यांच्यासोबत तांबेही शौचावाटे निघून जाते. हे रोज, अनेक महिने चालू राहिले, तर यकृतातील साठा हळूहळू रिकामा होतो. आहार उत्तम असूनही ही कमतरता येऊ शकते, त्यामुळे ‘आमच्याकडे सगळे पौष्टिकच खातात’ एवढ्यावरून ती नाकारता येत नाही.

तांबे कमी पडले की लोहाचे काम थांबते. साठ्यातील लोह रक्तातील वाहक प्रथिनावर चढण्यापूर्वी त्याचे रूप बदलावे लागते, आणि ते बदलणारी सेरुलोप्लास्मिन व हेफेस्टिन ही दोन्ही प्रथिने तांब्यावर चालतात. म्हणून कोठारात लोह असूनही अस्थिमज्जेपर्यंत ते नीट पोहोचत नाही, हिमोग्लोबिन उतरते आणि फेरिटिन मात्र चांगले दिसते. अशा वेळी लोहाच्या गोळ्या वाढवल्याने काहीच साधत नाही, उलट कोठार आणखी भरत जाते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशीही याच कमतरतेत घटतात; प्लेटलेट बहुधा ठीक राहतात. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे तंतू झिजू लागतात आणि पायांची जाण जाते. हे चित्र बी-12 च्या कमतरतेशी इतके जुळते की एमआरआयमध्येही दोन्हींत फरक करणे कठीण जाते.

मी स्वतः यात एकदा उशीर केला आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. ‘‘मॅडम, पायाखाली कोणी गादी अंथरल्यासारखं वाटतं,’’ असे ते म्हणाले. सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की ते पुढे झुकत आणि नळ धरून उभे राहत. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क ठेवला. त्यांना काहीच जाणवले नाही. घोट्यावरही नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर ते ‘‘हो, आता कळतंय’’ म्हणाले. हे बी-12 चेच प्रकरण आहे असे समजून मी इंजेक्शने सुरू केली आणि त्यात दोन महिने गेले, याची मला आजही खंत आहे. तिसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नी संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात घरातील सगळ्या गोळ्या भरून घेऊन आल्या. आम्ही त्या टेबलावर ओतल्या. त्यात झिंकच्या 50 मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप होत्या. तोंडाला चव नाही म्हणून कोणीतरी 15 दिवसांसाठी लिहून दिलेली ती गोळी, बरे वाटते म्हणून, ते दीड वर्ष दिवसातून दोनदा घेत होते. पहिल्या भेटीत मी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले होते, आणि त्यांनी प्रामाणिकपणे फक्त रक्तदाबाची गोळी सांगितली होती. झिंक त्यांच्या लेखी औषध नव्हतेच. तेव्हापासून मी ‘औषधे’ हा शब्द वापरून थांबत नाही. ताकदीच्या, केसांच्या, झोपेच्या, हाडांच्या गोळ्या, पावडरी आणि कवळी चिकटवण्याची पेस्टसुद्धा वेगवेगळी विचारते, कारण अशा काही पेस्टमध्येही झिंक असल्याचे आढळले आहे.

विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून नोंदवते, कारण तिचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. झिंकमुळे तांबे कमी होते हे माणसांत ठळकपणे दिसले ते आपल्या भागात बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णात. मानवी आहारातील झिंकचे महत्त्व ज्यांनी जगाला दाखवून दिले, ते बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत सिकलसेलवर झिंकचा उपचार करत होते. त्या उपचारात तांबे घटल्याचे त्यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केले. त्याच परिणामाचा पुढे विल्सन्स डिसीज या आजारात औषध म्हणून उपयोग झाला, कारण त्या आजारात शरीरात तांबे साचते आणि झिंक त्याचे शोषण रोखते. अमेरिकेत 1997 मध्ये झिंक अ‍ॅसिटेटला त्यासाठी मान्यता मिळाली. एका रुग्णाला जो उपचार ठरतो, तोच परिणाम कारण नसताना झिंक घेणाऱ्याला अपाय करतो. आपल्याकडे सिकलसेलच्या काही मुलांना झिंक दिलेले असते; त्यांनी हे वाचून ते स्वतःहून बंद करू नये. मात्र मात्रा किती, किती दिवस आणि तांबे कधी तपासले, हे पुढच्या भेटीत अवश्य विचारावे. लहान मुलांच्या जुलाबात 14 दिवस दिले जाणारे झिंकही निर्धास्तपणे द्यावे. धोका आहे तो मोठ्या मात्रेचा आणि मुदत न ठेवता घेण्याचा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. 75 मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. कोणाला काही महिन्यांत त्रास दिसतो, कोणी अनेक वर्षे तसाच राहतो. पोटाची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, सिलिअ‍ॅक हा गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार असेल, जुनाट जुलाब असतील, तर तांबे लवकर संपते. शिवाय आपल्या आईंच्या लक्षणांची दुसरी कारणेही असू शकतात: थायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार, एखाद्या औषधाचा परिणाम किंवा अस्थिमज्जेचाच आजार. म्हणून रक्तविकारतज्ज्ञांची ठरलेली भेट रद्द करू नका. त्या भेटीत इतकेच म्हणा, ‘‘आई 2021 पासून रोज 75 मिलिग्रॅम झिंक घेते आहे, बोनमॅरोपूर्वी कॉपर पाहता येईल का?’’ हे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण तांब्याच्या कमतरतेत अस्थिमज्जेतील पेशींमध्ये पोकळ्या दिसतात आणि लोहाचे कडे असलेल्या पेशीही सापडतात. झिंकची माहिती हाताशी नसेल, तर हे चित्र मायलोडिस्प्लाझिया या अस्थिमज्जेच्या गंभीर आजाराचे समजले जाण्याची शक्यता असते.

तपासण्या कोणत्या, तर सीरम कॉपर, सेरुलोप्लास्मिन आणि सीरम झिंक या तिन्ही एकाच वेळी, आणि त्यांच्यासोबत शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी ही तपासणी. शरीरात कोठे दाह किंवा संसर्ग असेल तर सेरुलोप्लास्मिन वाढते आणि कमतरता झाकली जाते. गर्भारपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतानाही तसेच होते. फेरिटिनही दाहामुळे वर जाते, त्यामुळे सीआरपी पाहिल्याशिवाय 240 या आकड्याचा अर्थ पूर्ण लागत नाही. वाहक प्रथिनावर किती लोह चढले आहे हे दाखवणारे ट्रान्सफरिन सॅच्युरेशनही पाहावे. या धातूंसाठी रक्त विशेष धातुमुक्त नळीत घ्यावे लागते. साध्या नळीच्या बुचातूनही झिंक मिसळू शकते, म्हणून नमुना देण्यापूर्वी लॅबमध्ये विचारून घ्यावे. तांबे आणि सेरुलोप्लास्मिन दोन्ही कमी आले, तर डॉक्टर कदाचित 24 तासांच्या लघवीतील तांबे मोजायला सांगतील, कारण विल्सन्स डिसीजमध्येही रक्तातील हे दोन्ही आकडे कमी येऊ शकतात; लघवीतील तांबे मात्र त्यात वाढलेले असते आणि कमतरतेत ते कमीच राहते. केसांच्या गोळीत बायोटिन हे जीवनसत्त्व आहे का तेही पाहा. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, त्यामुळे रक्त देण्यापूर्वी ती गोळी दोन-तीन दिवस बंद ठेवण्यास सांगितले जाते.

गोळ्यांचे काय करायचे? आपल्या आईंना झिंक कोणत्याही विशिष्ट आजारासाठी दिलेले नसेल, तर ते बंद करण्यात मला काहीच नुकसान दिसत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करून तसे विचारा. केसांची गोळीही त्यासोबत थांबवावी. तांब्याची गोळी मात्र स्वतःच्या मनाने आणू नये. कमतरता सिद्ध झाली तर तांबे तोंडावाटे द्यायचे की शिरेतून, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर आकडे पाहून ठरवतात, कारण अधिकचे तांबे यकृताला अपाय करते. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे का, असे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. त्या पाण्यात उतरणारे तांबे इतके थोडे आणि अनिश्चित असते की या आजारावर तो उपचार होऊ शकत नाही. आणि कल्हई नसलेल्या तांब्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवले, तर नको इतके तांबे उतरून उलट्या होतात. आहारातून द्यायचे तर तीळ, जवसाची चटणी, काजू, शेंगदाणे, डाळी आणि मांसाहार करणाऱ्यांना कलेजी हे चांगले स्रोत आहेत. जवसाची चटणी तर आपल्या घरांत असतेच. पण झिंक चालू ठेवून चटणी वाढवली, तर त्या चटणीतील तांबेही आतड्यातच अडकेल.

डोळ्यांसाठी झिंक घेणाऱ्यांनीही येथे लक्ष द्यावे. वयोमानाने दृष्टिपटल झिजण्यावर अमेरिकेत झालेल्या एरेड्स या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, रोज 80 मिलिग्रॅम झिंक दिले होते. परंतु तांबे घटेल हे ओळखून त्यासोबत 2 मिलिग्रॅम तांबेही दिले होते. आपल्या गोळीत ते आहे का, हे वेष्टनावर पाहावे.

आईंच्या यादीतील बाकीच्या गोष्टींबद्दलही मला काळजी वाटते. व्हिटॅमिन डीचे 60,000 युनिटचे पाकीट सामान्यतः काही आठवडे दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला एक असे दिले जाते. दर आठवड्याचे पाकीट कायम चालू ठेवले तर दिवसाची सरासरी साडेआठ हजार युनिटच्या वर जाते, आणि देखरेखीशिवाय घेण्याची मर्यादा 4,000 आहे. त्यात दिवसाचे 1,000 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळवले, तर रक्तातील कॅल्शियम वाढू शकते: तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, मुतखडा आणि पुढे मूत्रपिंडावर ताण. कॅल्शियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन डी या तपासण्या त्याच रक्तात करून घ्याव्यात. गॅसची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने मॅग्नेशियम घटू शकते आणि लोह, बी-12 व कॅल्शियम कार्बोनेट यांचे शोषणही कमी होते. ती अजून लागते का, हे विचारून घ्यावे. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम आणि पोटॅशियम कितीही दिले तरी वर येत नाहीत, हेही असेच अनेकदा निसटते.

ज्यांचे फेरिटिन खरोखर कमी आहे आणि लोहाची गरज आहे, त्यांचे गणित वेगळे आहे. अशा रुग्णांना मी लोहाची गोळी चहा, दूध आणि कॅल्शियमपासून दोन तास दूर, आणि बहुतेकांना एक दिवसाआड देते, कारण 60 मिलिग्रॅम किंवा अधिक लोहाच्या मात्रेनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि दुसऱ्या दिवशीचे लोह कमी शोषले जाते. सोबत संत्रे खाल्ले तर क जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. आपल्या आईंचे फेरिटिन भरलेले असल्याने त्यांना लोह चालू ठेवायचे का, हा प्रश्न डॉक्टरांना आधी विचारावा.

उन्हाळा लक्षात घेऊन एक शेवटची सूचना करते. नागपूरच्या मे महिन्यात अनेक घरांत इलेक्ट्रोलाइटच्या पावडरी आणि ‘लो सोडियम’ मीठ येते. त्या मिठात सोडियमऐवजी बऱ्याच प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड असते. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांनी ते वापरल्यास पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊन हृदयाची लय बिघडू शकते.

तांब्याची कमतरता सिद्ध झाली आणि उपचार सुरू झाले, तर रक्ताचे आकडे साधारण 4 ते 12 आठवड्यांत सुधारतात. पायांचे तसे नसते. बधिरपणा वाढायचा थांबतो, पण गेलेली जाण पूर्ण परत येईलच असे सांगता येत नाही. वर उल्लेख केलेले शिक्षक दोन महिन्यांत रक्ताच्या दृष्टीने बरे झाले, तरी आजही काठी घेऊन चालतात. म्हणून तपासणीसाठी पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. तोवर रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा चालू ठेवा, पायपुसणे उचलून ठेवा, आणि तोंड धुताना आईंना खुर्चीवर बसवा किंवा एका हाताने बेसिन धरायला सांगा.